सेव्ह कधी, एक्स्पोर्ट कधी: चित्राची फाइल न बिघडवता काम करायची पद्धत

गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने काम करणारा हमखास एका ठिकाणी अडतो. फोटो उघडला, थोडा कापला, उजळ केला, कंट्रोल+एस दाबलं आणि नाव दिलं 'फोटो.जेपीजी'. गिंप नकार देतं. इथून फक्त एक्ससीएफ (गिंपची स्वतःची) फाइल सेव्ह होईल, दुसरा प्रकार हवा असेल तर एक्स्पोर्ट करा, असं सांगून मोकळं होतं. 2012 साली आवृत्ती 2.8 पासून हे सुरू झालं, तेव्हा वर्षानुवर्षं गिंप वापरणारेही चिडले होते. माझ्या मते मात्र गिंपने केलं ते बरोबर केलं. सेव्ह आणि एक्स्पोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच बटणाखाली कोंबली की आज ना उद्या कुणाचं तरी काम वाया जातं.

सेव्ह करायचं ते स्वतःसाठी, उद्या पुन्हा त्याच चित्रावर काम करता यावं म्हणून. एक्स्पोर्ट करायचं ते समोरच्यासाठी: ज्याला चित्र फक्त पाहायचं, छापायचं किंवा वेबसाइटवर टाकायचं आहे त्याच्यासाठी. एवढं पक्कं धरून चाललं की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात.

दोन फाइलींत नेमका फरक काय

कामाची फाइल म्हणजे गिंपची एक्ससीएफ, फोटोशॉपची पीएसडी, क्रिताची केआरए, पेंट डॉट नेटची पीडीएन. यात प्रत्येक लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेला चित्राचा थर, वेगळा राहतो. मास्क (लेअरचा काही भाग झाकणारे पडदे) राहतात, आणि जिथे अक्षरांचे लेअर बनतात तिथे ती अक्षरं अक्षरं म्हणूनच राहतात, म्हणजे शब्द चुकला तर टिचकी मारून सुधारता येतो. गिंपमध्ये गाइड (मापाच्या रेघा), पाथ (आखलेल्या रेषा), इतकंच काय चालू सिलेक्शनही (निवडलेला भाग) फाइलसोबत जपलं जातं. एक गोष्ट मात्र गिंप किंवा फोटोशॉपच्या फाइलीत राहत नाही: अनडूची यादी. फाइल बंद केली की मागे जायच्या पायऱ्या गेल्या. त्यामुळे 'सेव्ह केलंय ना, मग उद्या अनडू करू' हा हिशेब चुकीचा आहे.

एक्स्पोर्ट करताना सगळे लेअर दाबून एक केले जातात आणि प्रत्येक पिक्सेलचा शेवटचा रंग तेवढा लिहिला जातो. शीर्षकाच्या अक्षरांमागे ढग होते की झाड, हे त्या फाइलीला आता माहीत नाही. त्यावर जेपेगसारखा प्रकार निवडला तर जागा वाचवण्यासाठी डोळ्यांना सहसा न जाणवणारा तपशीलही टाकून दिला जातो. 6000 × 4000 पिक्सेलच्या साध्या आठ बिटी रंगीत फोटोचा कच्चा हिशेब केला तर एकाच लेअरचे 7 कोटी 20 लाख बाइट होतात, म्हणजे 72 एमबी. तोच फोटो जेपेगमध्ये बऱ्याचदा 10 एमबीच्या आत बसतो. मधला फरक काही जादूने नाहीसा होत नाही. काही माहिती हुशारीने घडी घातली जाते आणि काही कायमची सोडून दिली जाते.

पहिली पायरी: चित्र उघडल्याबरोबर सेव्ह

काम झाल्यावर नाही, सुरुवातीलाच. कॅमेऱ्यातला किंवा कुणी पाठवलेला मूळ फोटो आधी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याला हात लावू नका. मग तो उघडा आणि लगेच कामाच्या प्रकारात सेव्ह करा.

गिंपमध्ये जेपेग उघडली की खिडकीच्या शीर्षकपट्टीवर ती आयात केलेली असल्याचं दिसतं. कंट्रोल+एस दाबलं की एक्ससीएफ नाव सुचवलं जातं, ते स्वीकारायचं. फाइल फार मोठी होत असेल तर नावाच्या शेवटी '.एक्ससीएफ.जीझेड' लिहिलं तरी चालतं. गिंप ती आवळून ठेवतं आणि उघडताना स्वतःच सोडवतं.

फोटोशॉपमध्ये जास्त सांभाळावं लागतं. तिथे जेपेग उघडून एकही लेअर न वाढवता नुसता उजेड कमी-जास्त केला आणि कंट्रोल+एस दाबलं, तर मूळ जेपेगवरच नवी जेपेग लिहिली जाते. म्हणून आधी 'सेव्ह अ‍ॅज' करून पीएसडी निवडा. पीएसडीला मर्यादा आहे: कोणतीही बाजू 30,000 पिक्सेलपर्यंत आणि फाइल 2 जीबीपर्यंत. पॅनोरमा किंवा मोठे फलक करणाऱ्यांनी पीएसबी निवडावं, त्यात बाजू 3,00,000 पिक्सेलपर्यंत जाते. सेव्ह करताना 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' विचारलं आणि फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही जाणार असेल, तर खूण राहू द्या. फाइल फुगते, पण दुसरीकडे उघडताना चित्र दिसतं.

दुसरी पायरी: काम चालू असताना

अक्षरं अक्षरंच राहू द्या, रंगाचे बदल शक्य तिथे वेगळ्या लेअरवर करा, आणि 'आता हे झालंच' म्हणून लेअर एकत्र करू नका. लेअर एकत्र करून सेव्ह केलेली एक्ससीएफ ही नावापुरतीच कामाची फाइल असते.

इथे 'सेव्ह अ‍ॅज' आणि 'सेव्ह अ कॉपी' यांतला फरक समजून घ्यायला हवा. 'सेव्ह अ‍ॅज' केलं की तुम्ही नव्या नावाच्या फाइलीत जाता आणि यापुढचं प्रत्येक कंट्रोल+एस त्या नव्या फाइलीवर पडतं. 'सेव्ह अ कॉपी' केलं की बाजूला एक प्रत तयार होते, पण तुम्ही जुन्याच फाइलीत राहता. बॅकअप ठेवायचा असेल तर कॉपी, नव्या दिशेने प्रयोग करायचा असेल तर अ‍ॅज. हे उलटं झालं की तासाभराने आपण नेमके कुठल्या फाइलीत बदल केले हेच कळेनासं होतं. खात्री करायची तर शीर्षकपट्टीवरचं नाव वाचा.

फोटोशॉपमध्ये 2021 पासून 'सेव्ह अ‍ॅज'च्या यादीत लेअर असलेल्या चित्रासाठी जेपेग दिसेनाशी झाली. अनेकांना वाटलं, काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं नाही. लेअर टिकवू न शकणारे प्रकार 'सेव्ह अ कॉपी'त हलवले गेले, म्हणजे गिंपने नऊ वर्षांपूर्वी घेतलेल्या भूमिकेच्या जवळ फोटोशॉपही आलं. जुनी पद्धतच हवी असेल तर प्रेफरन्सेसमधल्या 'फाइल हँडलिंग'मध्ये तशी सोय आहे. माझा सल्ला: ती चालू करू नका.

टप्प्याटप्प्याच्या प्रती ठेवायच्या असतील तर 'पोस्टर-01', 'पोस्टर-02' असं चालवा. क्रितामध्ये यासाठी 'सेव्ह इन्क्रिमेंटल व्हर्जन' आहे, आकडा तेच वाढवतं. 'फायनल', 'फायनल-नवीन', 'फायनल-खरंच' या नावांनी आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

तिसरी पायरी: एक्स्पोर्टच्या आधीचा सगळ्यात धोक्याचा क्षण

समजा छापण्यासाठी मोठं चित्र तयार आहे, आणि वेबसाइटवर टाकायला 1200 पिक्सेल रुंदीची प्रत हवी आहे. तुम्ही चित्राचा आकार कमी केला, जेपेग एक्स्पोर्ट केली, आणि सवयीने कंट्रोल+एस दाबलं. झालं. कामाची फाइल आता 1200 पिक्सेलची. खिडकी उघडी असेपर्यंत अनडू करून मागे येता येईल, बंद केली की मोठं चित्र गेलं. पुन्हा आकार वाढवला तर पिक्सेल वाढतील, तपशील परत येणार नाही. लेअर सपाट करून एक्स्पोर्ट करणाऱ्यांचंही असंच होतं, आणि खरं तर सपाट करायची गरजच नसते, एक्स्पोर्ट ते काम स्वतः करतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कामाची फाइल सेव्ह करा. मग गिंपमध्ये कंट्रोल+डी दाबून चित्राची नक्कल काढा. ती नव्या खिडकीत किंवा टॅबमध्ये उघडते आणि तिला अजून कोणतंही फाइलनाव जोडलेलं नसतं. आकार त्या नकलेत कमी करा. लहान केल्यावर कडा किंचित मऊ पडतात, त्यामुळे हलकं शार्पन करायचं तर ते इथेच, आकार बदलल्यानंतर. एक्स्पोर्ट करा आणि नक्कल सेव्ह न करता बंद करा. फोटोशॉपच्या 'एक्स्पोर्ट अ‍ॅज' खिडकीत आकाराची चौकट तिथल्या तिथेच आहे. तिथे आकडा बदलला तरी मूळ फाइलीला धक्का लागत नाही, म्हणून नक्कल काढायची गरज पडत नाही.

चौथी पायरी: प्रकार निवडणं

गिंपमध्ये शिफ्ट+कंट्रोल+ई दाबा. नावाच्या शेवटी जे लिहाल त्यावरून प्रकार ठरतो: '.पीएनजी' लिहिलं की पीएनजी, '.जेपीजी' लिहिलं की जेपेग. फक्त हे शेपूट इंग्रजी अक्षरांतच टाइप करायचं. तयार फाइलीचं शेपूट नंतर नुसतं बदलून मात्र प्रकार बदलत नाही, नाव बदलतं.

फोटो असेल तर जेपेग. अक्षरं, लोगो, रेखाचित्र, स्क्रीनशॉट असेल तर पीएनजी. असं का, ते स्वतः पाहण्यासारखं आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल रंगात एखादा जाड शब्द लिहा, तो कमी क्वालिटीच्या जेपेगमध्ये एक्स्पोर्ट करा, आणि ती जेपेग उघडून 400 टक्के मोठी करा. अक्षरांभोवती राखाडी-गुलाबी धूळ उडाल्यासारखी दिसेल, आणि ती धूळ चौकोनांत अडकलेली असेल. जेपेग चित्राचे 8 × 8 पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला बारीक चढउतार कमी करते. फोटोतल्या गालावर किंवा आकाशात असा चढउतार मुळातच सौम्य असतो, म्हणून खपून जातं. अक्षराची कड म्हणजे मात्र लालवरून एकदम पांढरं, आणि ते त्या तुकड्याला झेपत नाही. शिवाय उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची माहिती बऱ्याचदा चार पिक्सेलांत मिळून एकच ठेवली जाते, त्यामुळे लालसर कड जास्तच ओघळते. फोटोवर रंगीत अक्षरं आहेत आणि जेपेगच द्यायची आहे, तर गिंपच्या एक्स्पोर्ट खिडकीतल्या पुढच्या पर्यायांत सबसॅम्पलिंग 4:4:4 करा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा ठेवला जातो. फाइल थोडी वाढते, पण अक्षरं स्वच्छ येतात.

क्वालिटीचा आकडा सगळीकडे एकाच अर्थाचा नसतो. गिंपमध्ये तो 0 ते 100, फोटोशॉपच्या जेपेग सेव्हमध्ये 0 ते 12. एकीकडचा 90 म्हणजे दुसरीकडचा अमुक, असा पक्का हिशेब नाही. फोटोंसाठी गिंपमध्ये 85 ते 90 पुरतं. 95 च्या वर फाइल झपाट्याने फुगते आणि डोळ्यांना मिळत काहीच नाही. 100 टाकलं तरी जेपेग शंभर टक्के जशीच्या तशी राहत नाही. आकडा पाठ करण्यापेक्षा एक्स्पोर्ट खिडकीतलं प्रीव्ह्यू चालू करा, फाइलचा आकार तिथे दिसतो, आणि सरकपट्टी हलवत चित्रातला सगळ्यात नाजूक भाग पाहा: केस, कापडाची वीण, अक्षरांच्या कडा.

पीएनजीमध्येही 0 ते 9 असा आकडा असतो. त्याचा क्वालिटीशी काही संबंध नाही. पीएनजी प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा ठेवते. 9 ला फाइल लहान होते आणि लिहायला वेळ लागतो, एवढंच. निर्धास्त 9 ठेवा. पण 'पीएनजी चांगली' असं ऐकून सगळे फोटो पीएनजीत टाकू नका. फाइल कित्येक पट मोठी होते आणि पाहणाऱ्याला फरक दिसत नाही.

वेबपी हा गूगलने 2010 मध्ये आणलेला प्रकार दोन्ही कामं करतो, पारदर्शकताही ठेवतो आणि वेबसाइटसाठी उत्तम आहे. त्यात कोणतीही बाजू 16,383 पिक्सेलच्या पुढे जात नाही. दुसऱ्याच्या हातात फाइल द्यायची असेल तर त्याच्याकडे ती उघडेल का, हे आधी विचारा. जीआयएफमध्ये एका चित्राला 256 रंगांचीच सोय, तेव्हा हलत्या चित्रांपलीकडे तिच्या वाटेला जाऊ नका. छापखान्याला बहुधा टिफ किंवा पीडीएफ लागते. तिथे स्वतः अंदाज न बांधता त्यांनाच विचारलेलं बरं.

एक्स्पोर्टच्या खिडकीत आणखी काय पाहायचं

पारदर्शकता आधी. जेपेगमध्ये पारदर्शक भागच नसतो, कोणता तरी रंग भरावाच लागतो. गिंप तिथे टूलबॉक्समधला सध्याचा बॅकग्राउंड रंग भरतं. तो काळा असेल तर लोगोभोवती काळा चौकोन येतो आणि माणूस भलतीकडेच चूक शोधत बसतो. पारदर्शक लोगो हवा असेल तर पीएनजी किंवा वेबपी. जेपेगमधला पांढरा भाग नंतर खोडून तो पारदर्शक करायला गेलात, तर अक्षरांच्या कडेला फिकट रेघ राहतेच. गडद पार्श्वभूमीवर ती लगेच डोळ्यांत भरते.

मग रंग. चित्र अडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी3 या रंगक्षेत्रात असेल आणि प्रोफाइल (रंग कसे वाचायचे ते सांगणारी माहिती) न जोडता पाठवलं, तर समोरच्याच्या पडद्यावर ते फिकं, मळकट दिसू शकतं. स्क्रीनवर पाहायच्या चित्रासाठी एसआरजीबी या रंगक्षेत्रात रूपांतर करा आणि प्रोफाइल जोडायची खूण ठेवा. इथेही नक्कल वापरा, कामाची फाइल मूळ रंगक्षेत्रातच राहू द्या.

डीपीआय, म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके, याबद्दल उगाच भीती आहे. 1200 × 800 पिक्सेलचं चित्र 72 ने पाठवा की 300 ने, ब्राउझरमध्ये ते तेवढंच दिसतं. तो आकडा कागदावर छापताना कामाला येतो. ए4 कागद 300 ने भरायचा तर 2480 × 3508 पिक्सेल लागतात. ते मुळात नसतील, तर 300 हा आकडा टाइप केल्याने ते येत नाहीत.

शेवटी माहितीच्या खुणा. फोनवर काढलेल्या फोटोच्या एक्झिफमध्ये (फाइलीत चित्रासोबत साठवलेल्या माहितीत) ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असू शकतात. घरी काढलेला फोटो जाहीर ठिकाणी टाकणार असाल तर एक्झिफ आणि तशाच माहितीच्या एक्सएमपी व आयपीटीसी यांच्या खुणा काढा. रंगाच्या प्रोफाइलची खूण वेगळी असते, ती मात्र राहू द्या.

एक्स्पोर्ट झाल्यावर

पडद्यावर जे दिसतंय ती अजूनही कामाची फाइल आहे, एक्स्पोर्ट झालेली नाही. म्हणून नवी फाइल दुसऱ्या साध्या व्ह्यूअरमध्ये उघडून पाहा: रुंदी बरोबर आहे का, पारदर्शक भाग पारदर्शकच राहिला का, लपवलेला एखादा लेअर चुकून दिसतोय का.

बदल करून त्याच नावाने पुन्हा एक्स्पोर्ट करायचं असेल तर गिंपमध्ये कंट्रोल+ई पुरतं, पहिलीच सेटिंग वापरली जातात. पण जेपेग उघडून अजून काहीच सेव्ह किंवा एक्स्पोर्ट केलं नसेल, तेव्हा त्याच जागी मेनूत 'ओव्हरराइट' दिसतं. ते मूळ फाइलीवरच लिहितं. गिंपमध्ये घाबरायचं असेल तर एवढ्या एकाच ओळीला घाबरा.

खिडकी बंद करताना, नुकतंच एक्स्पोर्ट केलं असलं तरी, बदल सेव्ह झालेले नाहीत असा इशारा येतो. चित्र अमुक फाइलीत एक्स्पोर्ट झालंय, हेही त्यात लिहिलेलं असतं. घाईत 'डिस्कार्ड' दाबू नका. शेवटचे बदल एक्ससीएफमध्ये नाहीत, एवढंच तो सांगतोय आणि खरं सांगतोय.

काही सॉफ्टवेअरमध्ये सेव्हचा प्रश्नच वेगळा आहे. लाइटरूम आणि डार्कटेबल मूळ फोटोला हातच लावत नाहीत. तुमचे बदल सूचनांच्या रूपात कॅटलॉगमध्ये किंवा शेजारच्या एक्सएमपी फाइलीत राहतात, आणि एक्स्पोर्ट केलं की त्या सूचना लावून नवं चित्र बनतं. डार्कटेबल वापरणाऱ्यांनी फोटो दुसऱ्या डिस्कवर हलवताना ती छोटी एक्सएमपी मागे सोडू नये. रेषांनी चित्रं काढायच्या इंकस्केपमध्ये कामाची फाइल एसव्हीजी, आणि पीएनजी हव्या त्या आकारात काढता येते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या डिझाइन साधनांमध्ये काम आपोआप त्यांच्याकडे साठतं आणि 'डाउनलोड' म्हणजेच एक्स्पोर्ट. तिथलं खातं बंद करण्याआधी हे लक्षात घ्या.

आणि हातात फक्त जेपेग उरली असेल तर

लेअर परत मिळत नाहीत, हे आधी मान्य करा. नुसती उघडून पाहिल्याने किंवा कॉपी केल्याने जेपेग झिजत नाही. तीच क्वालिटी ठेवून, काहीही न बदलता पुन्हा सेव्ह केली तरी नुकसान पहिल्या काही वेळांनंतर जवळपास थांबतं. बिघाड वाढतो तो दरवेळी काहीतरी बदलून, कापून, वेगळ्या क्वालिटीने लिहिल्यामुळे, कारण तेव्हा 8 × 8 चे तुकडे नव्याने पाडले जातात. म्हणून ती जेपेग उघडा, ताबडतोब एक्ससीएफ किंवा पीएसडी म्हणून सेव्ह करा, आणि सगळ्या दुरुस्त्या तिथेच करून शेवटी एकदाच एक्स्पोर्ट करा.

चुकलेला शब्द बदलायचा असेल तर खालचा लेअर तसाच ठेवून वर नवा रिकामा लेअर घ्या. क्लोन टूलने शेजारची पार्श्वभूमी त्यावर ओढून जुनी अक्षरं झाका. गिंपमध्ये त्यासाठी 'सॅम्पल मर्ज्ड'ची खूण लागते, नाहीतर रिकाम्या लेअरवरून काहीच उचललं जात नाही. त्यावर नवी अक्षरं टाका. पार्श्वभूमी एकरंगी असली तरी बादलीने (बकेट फिल टूलने) रंग ओतू नका. जेपेगमध्ये तो रंग दिसायला एक असला तरी अक्षरांजवळ किंचित डागाळलेला असतो, आणि बादली नेमके ते डाग सोडून देते. मोठ्या ब्रशने, अक्षरांच्या बाहेर 8-10 पिक्सेल जास्त घेऊन झाका, म्हणजे जुनी धूळही सोबत जाते.